थोरलीने पट्टी उतरवली

जपानातल्या त्या दोघी आमच्या इंदिरानगरच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आल्या, त्या मुलीच्या मोबाईलमधून. मी कणीक मळत होते. "बंद कर ते मांजरांचं भांडण," मी म्हणाले. मुलगी म्हणाली, "आई, ह्या बारा वर्षं गातायत." मी म्हणाले, "मग एव्हाना यायला हवं होतं." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

माझा राग नाकावर असतो हे सगळे सांगतात. जीभही तिथेच जवळपास असते. पण गाण्याच्या बाबतीत मी बोलते ते उगाच बोलत नाही. वयाच्या नवव्या वर्षापासून पेटी वाजवते आहे आणि आमच्या सोसायटीच्या गणपती मंदिरातलं महिला भजनी मंडळ मीच सुरू केलं. दर मंगळवारी दुपारी चार वाजता आम्ही नऊजणी बसतो. पेटी माझी, पुढचं गाणंही माझंच; मी ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची.

मुलीचा अबोला संपला तो तिच्याच गरजेने. ती नोकरी सांभाळून गंगापूर रोडला जपानी भाषेच्या क्लासला जात होती. तिथल्या स्नेहसंमेलनात तिला आणि तिच्या मैत्रिणीला त्या दोघींचं एक गाणं म्हणायचं होतं. मैत्रीण लासलगावची, कांद्याच्या व्यापाऱ्याची लेक. येताना दर वेळी कांद्याची पिशवी आणायची आणि दारातूनच ओरडायची, "काकू, आलो बरं का!" तिनेच मला गळ घातली. "काकू, तुम्ही पेटीवर बसवून द्या ना. आमचे सूर कुठंच्या कुठं पळत्यात."

मग ऐकणं भाग पडलं. वही घेतली, गाणं तुकड्यातुकड्याने लावलं आणि सरगम लिहायला बसले. चार ओळी लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. "अगं, हा तर भूप आहे!" एखाद्या ठिकाणी निषाद चोरपावलांनी येऊन जात होता, पण बाकी सगळा भूप. आमच्या निम्म्या भजनांच्या चाली याच पाच सुरांत. मुलगी वैतागली, म्हणाली, "आई, तुझं सगळं शेवटी मंदिरातच का येतं?" मैत्रीण मात्र खूश. तिला भूप माहीत नव्हता, पण काकूंना गाणं आवडलं एवढं तिला कळलं होतं.

आवडलं होतं, हे मी कबूल करते. आणि मग सवयच लागली.

त्यांची नावं मला काही केल्या तोंडात बसेनात, म्हणून मी थोरली आणि धाकटी म्हणायला लागले. त्या बहिणी नाहीत, कॉलेजातल्या मैत्रिणी. थोरली उंच, गाणारी. धाकटी ठेंगणी, कीबोर्डवर बसणारी, आणि चाली तिच्याच. सुरुवातीला बाजाराच्या रस्त्यावर उभं राहून गायच्या, येणारे-जाणारे पिशव्या सांभाळत पुढे निघून जायचे. मग एका कार्टून मालिकेचं शेवटचं गाणं मिळालं. तिकडे प्रत्येक मालिकेला सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक गाणं असतं, जेमतेम दीड मिनिटाचं. शेवटचं गाणं लागलं की लोक उठून जेवायला जातात, असं मुलगी म्हणाली. ती मालिकाही पडली. पण गाणं कुणाच्या तरी कानात राहिलं असणार, कारण पुढच्या वर्षी त्यांना एका नव्या मालिकेचं सुरुवातीचं गाणं मिळालं. बेटाबेटांमध्ये होडी चालवणाऱ्या एका मुलीची गोष्ट होती. ती मालिका चालली, आणि होडीवाल्या मुलीचं ते गाणं शाळेतल्या पोराटोरांच्या तोंडी झालं. मुलींनी संमेलनात म्हटलं ते हेच.

मला त्या दोघींची गंमत वाटायची ती वेगळ्याच कारणाने. गाणं घराघरांत, पण चेहरा कुणालाच माहीत नाही! पडद्यावर दिसणार होडीवाली मुलगी, ह्यांची नावं खाली बारीक अक्षरांत. धाकटी म्हणे पहिली सहा वर्षं एका विम्याच्या कचेरीत नोकरी करत होती आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईचा मुलगा हिचंच गाणं गुणगुणतो हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, घरोघरी मातीच्या चुली. आमच्या मंडळाला कोण ओळखतं? पण चतुर्थीला आमचा आवाज आला नाही तर अख्खी सोसायटी विचारायला येते.

पुढे त्यांना दर वर्षी एखादं नवीन गाणं मिळत गेलं. मोठी सभागृहं भरायला लागली. मुलीच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांचा फोटो लागला आणि माझ्या वहीत सात गाण्यांची सरगम जमा झाली.

आता माझ्या गळ्याबद्दल सांगायला हवं. ते टाळून ही हकिगत पुढे जाणार नाही.

संमेलनानंतर काही महिन्यांनी माझ्या गळ्यात गाठ निघाली. साधी होती, पण काढावी लागली. टाके काढल्यावर डॉक्टरांनी मला सा लावायला सांगितला. मी लावला. हात उंचावून वरचा सा लावायला गेले, तर तिथे काहीच नव्हतं, नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, "वरचे सूर कदाचित परत यायचे नाहीत. बाकी आवाज ठणठणीत आहे. खुशाल गा." त्या वेळी खोलीत आमचे हे होते. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणाले, "डॉक्टरांनी गायला मनाई केली आहे, असं मी सगळ्यांना सांगणार आहे." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि चपला पायात सरकवल्या.

खोटं बोलायचं कारण म्हणजे काळी पाच. पेटीची जी पट्टी गाणारा सा म्हणून धरतो, ती त्याची पट्टी; जितकी उजवीकडची, तितका आवाज चढा. बहुतेक बायका काळी चारपर्यंत जातात. मी काळी पाचमध्ये गायचे, आणि माझ्यामुळे आमचं सगळं मंडळ. कुठे स्पर्धेला गेलो की कुजबुज व्हायची, "इंदिरानगरचं मंडळ. काळी पाच." त्या कुजबुजीवर मी वर्षानुवर्षं जगले. आता खाली उतरून काळी तीनमध्ये गायचं म्हणजे सगळ्या गावासमोर म्हातारी झाल्याचं पत्रक काढण्यासारखं. त्यापेक्षा तोंड मिटलेलं बरं, असं मी ठरवलं. तीन वर्षं मी गायले नाही. घरी नाही, मंदिरात नाही, न्हाणीघरातही नाही. आणि गाण्यावाचून माझा जीव कासावीस व्हायचा, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

मंडळात मी पेटी वाजवत राहिले. पुढचं गाणं बाईंकडे दिलं. बाई म्हणजे आमच्यातल्या सर्वांत मोठ्या. पेठ तालुक्यातल्या शाळेत हयात घालवलेल्या मास्तरीण, शहात्तर वर्षांच्या. सगळ्यांच्या त्या बाईच. पट्टी मात्र मी बदलली नाही. बाईंचा आवाज फाटायचा, मागच्या बायका अंतऱ्याला गळपटायच्या आणि मी पेटीवरून डोळे वटारायचे. ज्येष्ठमध चघळा म्हणायचे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा म्हणायचे. एकदा एकीने भीतभीत विचारलं, "ताई, पट्टी जरा उतरवायची का?" मी म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं!" पुन्हा कुणी विचारलं नाही.

माझ्या ऑपरेशनला वर्ष झालं असेल, तेव्हा मुलगी एके दिवशी ऑफिसचं काम अर्धवट टाकून स्वयंपाकघरात आली. डोळे लाल. "आई, थोरलीच्या गळ्याला काहीतरी झालंय. सगळे कार्यक्रम रद्द. परत कधी गाणार ते सांगितलेलं नाही." मी पोळी उलटली. तव्याकडे बघत म्हणाले, "होतं असं." मुलीला वाटलं आईला काहीच वाटलं नाही. मला त्या रात्री पोळीचा घासही गिळवला नाही.

दोन वर्षं त्या दोघींकडून काही आलं नाही. होडीवाल्या मुलीच्या मालिकेचा नवा भाग आला, त्याला दुसऱ्याच कुणाचं गाणं. मैत्रीण लासलगावहून फोन करून त्या नव्या गायकाला शिव्या द्यायची. मी पेटीवर जुनं गाणं वाजवून तिची समजूत काढायचे. मनात एकच यायचं, की ही परत आली तर? हिचा आवाज परत आला तर माझाही येईल, असं काहीतरी खूळ माझ्या डोक्यात बसलं होतं. शास्त्रात बसत नाही, पण मनातून जात नाही.

आणि गेल्या पौषात बातमी आली. थोरली परत येतेय. रविवारी मोठा कार्यक्रम, आणि तिकीट काढलं तर घरबसल्या बघता येणार. तिकडे संध्याकाळचे पाच, आपल्याकडे दुपारचे दीड. मुलीने बाहेरच्या खोलीत टीव्हीला लॅपटॉप जोडला. मैत्रीण सकाळच्या गाडीने आली, कांद्याची पिशवी आणि उजेड पाडणाऱ्या चार कांड्या घेऊन. तिकडे प्रेक्षक गाण्याबरोबर अशा कांड्या हलवतात, सगळे एका लयीत. एक ह्यांच्या हातात दिली. हे वर्तमानपत्र बाजूला ठेवून इमानदारीने कांडी धरून बसले. मी पेटी काढून समोर ठेवली. साथीला बसायचं होतं मला, जपानच्या साथीला.

दिवे मंद झाले. धाकटी आधी आली, मग थोरली. पांढरा साधा झगा, केस कापलेले. दोघी मुली किंचाळल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पहिलंच गाणं होडीवालीचं. मी वहीतलं पान उघडलं, काळी चारवर बोट ठेवलं आणि भाता ओढला.

सूर लागेना. दाताखाली खडा यावा तसं झालं.

पेटी उतरली की काय म्हणून मी पुन्हा बघितलं. पेटी बरोबर होती. मग एकेक पट्टी खाली उतरत गेले. पांढरी पाच धरून पाहिली, जमेना. काळी तीन, तरीही जमेना. पांढरी चारवर बोट पडलं आणि सूर मिळाला. मी ओरडलेच, "पट्टी उतरवली! तीन पट्ट्या खाली आली ही!"

"आई, काहीही काय! तसंच तर गातेय," मुलगी म्हणाली.

मैत्रिणीने मोबाईलवर जुनं गाणं लावून कानाशी धरलं. मग खाली ठेवलं. "नाय गं. काकू म्हणतायत ते खरं हाय."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला भयंकर राग आला. दोन वर्षं हिच्यावर भिस्त ठेवली, आणि ही हार मानून आली? जमत नाही तर उभं कशाला राहायचं? घरी बसावं ना, माझ्यासारखं! मी पेटीचा भाता दाबून बंद केला.

दुसरं गाणं संपल्यावर थोरली बोलायला लागली. मुलगी रडत होती, म्हणून मैत्रीण सांगत गेली. तिचं जपानी मुलीपेक्षा चांगलं. "ती म्हणतीये, दोन वर्षं जुन्या आवाजाची वाट बघितली. तो काय आला नाय. मग म्हणलं, जो हाय तो घेऊन यावं." पुढचं ऐकून ती म्हणाली, "आणि म्हणतीये, हिनं, म्हणजे धाकटीनं, सगळी गाणी नव्यानं बसवली. एकूण एक."

"कीबोर्डला बटण असतं, आई," मुलगी नाक पुसत म्हणाली. "दाबलं की खाली."

"गप बस. बटण दाबून चाल उतरते, गाणं उतरत नाही," मी म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. लासलगावचे कांदे चिरायला घेतले. रागात माझे कांदे फार बारीक चिरले जातात. बेसन कालवलं, तेल ठेवलं, पहिला घाणा सोडला. दार लोटलं तरी गाणं येतच होतं.

तिचं एक संथ गाणं होतं, माझ्या वहीतलं पाचवं. त्यात एक वरची जागा आहे. पूर्वी थोरली तिथे पोचायची, टोक लावायची आणि लगेच खाली यायची. लोक टाळ्या वाजवायचे, मीसुद्धा वाहवा म्हणायचे. त्या दिवशी ती त्या जागेवर गेली आणि थांबली. निवांत उभी राहिली. धाकटीने खाली फक्त एक सूर धरून ठेवला. तो शब्द मला कळत नव्हता, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मला पुरता ऐकू आला. वरच्या पट्टीत तिला तिथे उभं राहायला वेळच मिळत नव्हता. माझ्या हातातला झारा तसाच राहिला आणि भजी काळी झाली.

मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की मी ओट्याला टेकून रडले.

वास गेला असणार, कारण हे आत आले. कांडी अजून हातातच, हिरवा उजेड पाडणारी. त्यांनी गॅस बारीक केला, जळकी भजी काढून टाकली आणि मला म्हणाले, "डॉक्टर त्या दिवशी काय म्हणाले होते, ते मला अजून पाठ आहे." तीन वर्षांत त्या विषयावर एवढं एकच वाक्य बोलले. मग त्यांनी झारा घेतला आणि मला बाहेर पाठवलं. त्यांची भजी गोल होत नाहीत, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही. शेवटच्या गाण्याला बाकी तिघांनी कांड्या हलवल्या आणि मी पांढरी चारमध्ये साथ केली, चुकतमाकत, पण सबंध.

सोमवारी घरी कुणी नसताना मी पेटी घेतली. काळी पाचकडे बघितलं सुद्धा नाही. काळी तीनचा सा धरला आणि तोंड उघडलं. आवाज आला. पूर्वीचा धारदार नव्हे, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीसारखा. वर गेले, तर वरचा सा होता की तिथे! मी तासभर गायले. दूधवाला बेल वाजवून निघून गेला.

पण मंगळवार उजाडला. घरात गाणं वेगळं, आणि मंडळासमोर बसून "मी खोटं बोलले" म्हणणं वेगळं. मंदिराच्या पायऱ्यांवरून मी दोनदा परत फिरले. आठही जणी येऊन बसल्या होत्या. बाई चष्मा पुसत होत्या. मी पेटीसमोर बसले, पण भाता सोडला नाही.

"मला काही सांगायचंय," मी म्हणाले. "डॉक्टरांनी मला गायला मनाई केली नव्हती. ते खुशाल गा म्हणाले होते. माझी काळी पाच गेली, म्हणून मी गात नव्हते. तुमच्याशी तीन वर्षं खोटं बोलले. आजपासून मी गाणार आहे, पण काळी तीनमध्ये. तुम्हाला काळी पाच हवी असेल तर दुसरी कुणी पुढे बसा, मी मागे टाळ धरीन."

 सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, झालं. आता उठून जातात.

मग बाईंच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं खोकला. ते हसू होतं. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या, आणि त्यांचं बघून एकेक करत सगळ्याजणी.

"अगं बाई," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली मंडळाला. अकरा वर्षं आम्ही तुझ्या त्या काळी पाचमध्ये घसे फोडतोय. तुला कोण सांगणार? तुझ्या नाकावर राग!"

"पण मग तुम्ही गात कशा होता?" मी विचारलं.

"गात कुठं होतो?" मागून एकजण म्हणाली. "ताई, आम्ही चौघी तर अंतऱ्याला नुसते ओठ हलवायचो."

"चौघी नाही, पाचजणी," दुसरीने दुरुस्ती केली आणि पुन्हा हशा झाला. बाहेर चपला काढणाऱ्या एका आजोबांनी आत डोकावून विचारलं, काय झालं. 

मी हसले की ओशाळले, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच झालं. अकरा वर्षं ज्यांना मी गुळण्या करायला लावल्या, त्यांच्या गळ्यात काही दोष नव्हता. दोष माझ्या बोटाखाली होता, आणि तो मी मिरवत होते. मी सगळ्यांची माफी मागितली. बाई म्हणाल्या, "माफी राहू दे. आधी सूर दे, साडेचार वाजत आले."

मी काळी तीन धरली आणि पहिली ओळ म्हटली. मग सवयीप्रमाणे थांबले, मागच्यांनी ती उचलावी म्हणून. आणि आमच्या मंडळात पहिल्यांदाच मला आठही आवाज ऐकू आले.